तपासणीकर बाईंचा ब्लँक

"आई, मला शुक्रवारपर्यंत विशेष विषय निवडायचा आहे," लेक रविवारी सकाळी चहा घेता घेता म्हणाली, "आणि तू यात काही करू नकोस."

वाक्याच्या पहिल्या अर्ध्यापर्यंत तपासणीकर बाई बिस्किट बुडवत होत्या. दुसऱ्या अर्ध्याला त्यांनी बिस्किट बाजूला ठेवलं. बाईंना पुष्कळ गोष्टी करता येत. काही न करणं तेवढं येत नसे.

तपासणीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. बाई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होत्या. या इमारतीत राहायला आल्या त्याच आठवड्यात त्यांनी गच्चीवरच्या टाकीचं पाणी तपासलं आणि कुणीही न विचारता निकाल जिन्यात चिकटवला. तो वाचून बऱ्याच जणांच्या तोंडचं पाणी पळालं. टाकी साफ झाली, निकाल फाटून गेला, पण तपासणीकर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांचे यजमान विमा कंपनीत होते. लग्नानंतर कित्येक वर्षांनी बायकोचं आडनाव लागण्याचा योग त्यांच्या नशिबी होता. तो त्यांनी तक्रार न करता स्वीकारला.

"विषय किती?" बाईंनी विचारलं.

"चार. साहित्य, भाषाशास्त्र, सर्जनशील लेखन आणि अनुवाद. इंग्रजीच्या तिसऱ्या वर्षाला यातला एकच घ्यायचा."

"अनुवाद हा वेगळा विषय कसा? या भांड्यातलं त्या भांड्यात ओतायचं. मी दिवसभर तेच करते, मला नाही कुणी त्याची पदवी दिली."

"तो तसाही कुणी घेत नाही. दुसरं काही मिळालं नाही की घेतात. वर्गात चार जण आहेत, त्यातला एक चुकून बसतो."

"म्हणजे राहिले तीन," बाई म्हणाल्या, आणि अनुवादाचा निकाल तिथल्या तिथे लागला. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं. बाईंनी ठेवलं नाही.

खरी गोष्ट नंतर कळली, कप विसळताना. मायलेकी समोरासमोर बसून कधी मनातलं बोलत नसत. दोघींची पाठ एकमेकींकडे असली आणि नळ चालू असला की मात्र बरंच काही निघे.

"मला सर्जनशील लेखन हवंय," लेक पुसायच्या फडक्याला उद्देशून म्हणाली. "पण तिथे जागा थोड्या. नाव न घालता तीन पानांचा नमुना द्यायचा आणि प्राध्यापिका वाचून ठरवतात. मी एक गोष्ट लिहिलीय."

"मग दे की."

"आणि त्या नाही म्हणाल्या तर? आत्ता निदान मला लिहिता येत नाही हे कुणाला माहीत नाही. मलासुद्धा नाही."

बाईंनी नळ बंद केला. शिक्षण, भवितव्य, नोकरी हे शब्द त्यांना धूसर वाटत. पण एखादी गोष्ट आहे की नाही हेच ठाऊक नसण्याचं दुःख त्यांना अगदी नेमकं कळे. त्यावर जगात एकच उपाय होता, आणि तो त्यांचा धंदा होता.

तोवर यजमानांनी ही बातमी जिन्यात सांगून टाकली होती. यजमान वाईट नव्हते. पण जिन्यात कुणी "काय म्हणताय?" असं विचारलं, की ते उत्तर देत.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, म्हणजे हेडसर, संध्याकाळी न बोलावता आले. "पोरी, साहित्य घे. साहित्यात कुणी नापास होत नाही. तू काहीही लिही. तपासणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच कळलं नसेल."

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखाना अर्धवट टाकून आल्या. "काही ऐकू नकोस त्यांचं. भाषाशास्त्र घे. जीभ, टाळू, दात, ओठ. निम्मा अभ्यास माझ्या खुर्चीत बसून होईल. माझ्या भाच्याने तेच केलं. आता यंत्रांना बोलायला शिकवतो."

"मागच्या महिन्यात आला होता तो?" हेडसरांनी विचारलं. "दोन तास बसला. एक शब्द बोलला नाही."

"कामाच्या वेळेबाहेर कशाला बोलेल?"

यजमानांनी पेपर खाली घेतला. "सगळ्यात कमी जोखीम कशात आहे?"

"बाबा, इंग्रजीच्या पदवीत जोखीम सगळीकडे सारखीच असते."

"मग हरकत नाही," यजमान म्हणाले. समान पसरलेल्या जोखमीबद्दल त्यांना आदर होता. त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला आणि पितृकर्तव्यातून मोकळे झाले.

यानंतर हेडसर आणि डॉक्टरीणबाई यांच्यात साहित्य थोर की भाषाशास्त्र यावरून जी जुंपली, ती जिन्यात दोन मजले चालली. मुलीला काय हवंय हे दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

बाईंची योजना साधी होती. लेकीचे तीन नमुने घ्यायचे: साहित्याचा एक निबंध, भाषाशास्त्राचा एक निबंध आणि ती गोष्ट. नाव काढायचं, क्रमांक घालायचे, तीन परीक्षकांना द्यायचे. ज्याला गुण जास्त, तो विषय. लेकीने आधी नाही म्हटलं, मग कपाळाला हात लावला, मग एका अटीवर कबूल झाली.

"निकाल येईल तो मी ऐकेन. पण एकदा निकाल लागला, की तू माझ्या अभ्यासाबद्दल पुन्हा कधीही, काहीही विचारायचं नाहीस."

"कबूल," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, निकाल लागल्यावर विचारायला उरतंच काय? "फक्त एक ब्लँक लागेल."

"तो काय असतो?"

इथे बाईंचा आवाज मऊ झाला. काही बायकांचा आवाज माहेरच्या आठवणीने होतो, तसा. "ब्लँक म्हणजे कोरा नमुना. आपल्याला पाण्यात काही आहे का ते बघायचंय ना? मग त्याच्याबरोबर एक असं पाणी तपासायचं, ज्यात काही म्हणजे काहीच नाही. त्याच बाटल्या, त्याच क्रिया, तेच हात. त्याचं उत्तर शून्य आलं तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. ब्लँकशिवाय नमुना पाठवणं म्हणजे..." बाईंना याहून निर्लज्ज काही सुचलं नाही आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"मग आपल्या बाबतीत ब्लँक कोण?"

"मी लिहिते एक पान," बाई म्हणाल्या. "माझ्या लिहिण्यात काही नसेल, याची खात्री आहे."

काही नसलेलं लिहायला बसल्यावर कळलं, की ते फार अवघड आहे. नळावरून पाण्याचा नमुना कसा भरावा, हा विषय त्यांनी निवडला. तो त्यांनी इतक्या वेळा इतक्या लोकांना सांगितला होता, की त्यात काही उरलंच नव्हतं. तरी तिसऱ्या ओळीत नळावर ऊन पडलं. ते कुठून आलं कोण जाणे. बाईंनी ते तत्काळ खोडलं आणि पान नव्याने लिहिलं. बाटली निर्जंतुक असावी. नळ पूर्ण उघडावा. थोडा वेळ थांबावे. नळातील साचलेले पाणी निघून जाऊ द्यावे. मग बाटली भरावी. बाटली काठोकाठ भरू नये, वर थोडी जागा ठेवावी. असं पानभर.

"आता हे इंग्रजीत कर," त्यांनी ते लेकीपुढे ठेवलं.

"हे कशाला?"

"तुझे तिन्ही नमुने इंग्रजीत आहेत. ब्लँक त्यांच्यासारखाच, त्याच हातांतून गेला पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे."

लेकीला सबंध संध्याकाळ लागली. बाईंनी दोनदा दारातून डोकावून पाहिलं, तर पोरगी पेन चावत भिंतीकडे बघत होती. अलीकडच्या मुलांचं लक्ष एका जागी राहत नाही, असं त्यांच्या मनात आलं.

परीक्षक म्हणून हेडसर, डॉक्टरीणबाई आणि यजमान यांना नेमलं. दुसरे कुणी हाताशी नव्हते. निकालाने बाईंची मानवजातीवरची श्रद्धा बरीच कमी झाली. हेडसरांनी लाल शाईने सगळे स्वल्पविराम दुरुस्त केले आणि कुणाला वाईट वाटू नये म्हणून सर्वांना सारखे गुण दिले. यजमानांनी सगळंच छान आहे असं सांगितलं, कारण घरात राहायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोष्टीवर शेरा मारला: "यात एवढी माणसं मरतात, एकाला तरी दवाखान्यात न्यायला हवं होतं."

"आणि चार नंबर?" बाईंनी केवळ नियम म्हणून विचारलं. चार नंबर हा ब्लँक होता.

"तो वाचताना जरा घोटाळा झाला. पेशंटला आ करायला सांगितलं होतं, आणि मी वाचतच बसले. बिचारा किती वेळ तसाच होता."

हेडसर तर जिना उतरून विचारायला आले. "त्या चार नंबरचं पुढे काय झालं हो?"

"कशाचं?"

"बाटलीचं. भरली. वर थोडी जागा ठेवली. मग?"

"मग काही नाही, सर. मग झाकण."

"हं," हेडसर म्हणाले आणि समाधान न झालेल्या माणसासारखे वर गेले.

एखादं उत्तर भलतीकडेच गेलं, तर त्याला भरकटलेलं म्हणून बाजूला काढायची शास्त्रात सोय आहे. बाईंनी तिचा लाभ घेतला आणि दोन्ही उत्तरं बाजूला काढली. चाचणी फुकट गेली होती.

"जाऊ दे," लेक गुरुवारी म्हणाली. "देते मी गोष्ट. जे व्हायचं ते होईल. पण उद्या विभागाची खिडकी उघडी असते तेव्हाच माझी परीक्षा आहे."

"मी देते नेऊन," बाई म्हणाल्या आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

इंग्रजी विभागाच्या खिडकीत एक कारकून होते. त्यांनी बाईंचं पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"बंद का आहे?"

"नमुना गुप्त ठेवायचा असा तुमचाच नियम आहे."

"पण बंद पाकिटात काय आहे ते मला कसं कळणार?"

"कळू नये म्हणूनच..."

"मग मी पोच कशाची देऊ?"

बाईंना हा युक्तिवाद निर्दोष वाटला, आणि म्हणूनच त्या जास्त चिडल्या. त्यांनी पाकीट फोडलं, गोष्ट दाखवली. आता फोडलेलं पाकीट चालत नव्हतं. नवं पाकीट आवारातल्या दुकानात मिळत होतं. पाकिटावरचा क्रमांक शेजारच्या खिडकीत मिळत होता, आणि शेजारची खिडकी ही खिडकी बंद झाल्यावर उघडत होती, कारण दोन्ही खिडक्यांमागे हेच कारकून होते. ते खुर्ची सरकवून इकडून तिकडे जात. बाईही इकडून तिकडे गेल्या. क्रमांक मिळाला, खुर्ची परत आली.

नव्या पाकिटात गोष्ट सरकवताना बाईंचा हात थबकला. बाहेर जाणारा नमुना, आणि एकटा? नोकरीला लागल्यापासून त्यांनी ब्लँकशिवाय एकही नमुना दाराबाहेर जाऊ दिला नव्हता. ब्लँकचं इंग्रजी पान पर्समध्ये होतंच. त्यांनी त्याच्या माथ्यावर पद्धतीप्रमाणे 'ब्लँक' असं लिहिलं आणि गोष्टीच्या मागे जोडलं. त्या क्षणी त्यांना फार बरं वाटलं. पुढे जे झालं ते पाहता, हे नमूद करून ठेवलेलं बरं.

"हे मागे काय लावलंत?" कारकून म्हणाले.

"ब्लँक."

"तो लागतो?"

"नमुना म्हटला की ब्लँक लागतोच," बाई शांतपणे म्हणाल्या.

कारकुनांनी त्यांच्याकडे पाहिलं. असा स्वर त्यांनी फक्त वरच्या कार्यालयातून ऐकला होता. त्यांनी मुकाट्याने पोच दिली, आणि बाईंच्या मागे उभ्या असलेल्या पालकांना दरडावून विचारलं, "ब्लँक आणलाय का?" रांगेतले दोघे जण घाईघाईने दुकानाकडे गेले.

सोमवारी यादी लागली. सर्जनशील लेखनात लेकीचा क्रमांक पहिला होता.

घरात आइसक्रीम आलं. हेडसरांनी आपल्या स्वल्पविरामांची आठवण करून दिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोष्ट आपल्याला पहिल्यापासून आवडली होती, माणसं मरतात तशी मरायचीच. लेक स्वतःशीच हसत घरभर फिरत होती. तिच्या तोंडावर असं काहीतरी होतं, की बाईंनी दोनदा काही विचारायला तोंड उघडलं आणि कबूल केलेली अट आठवून त्यात आइसक्रीम घातलं.

मंगळवारी लेक प्राध्यापिकांना भेटून आली, ती बूट न काढता स्वयंपाकघरात आली.

"प्राध्यापिका म्हणाल्या, गोष्ट जरा कच्ची आहे. पहिल्याच पानावर तीन जण मरतात, एकाचीही धड ओळख झालेली नसते. पण म्हणाल्या, ते पान. ते बाटलीचं पान. त्यासाठी घेतलं तुला." तिने पिशवी ओट्यावर आपटली. "ते पान तिथे कसं गेलं, आई?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं. पहिल्यांदाच त्यांना ते द्यायचं नव्हतं. "ब्लँक होता तो," त्या म्हणाल्या. "जोडावा लागतो."

"म्हणजे मी नाही निवडली गेले. तू निवडली गेलीस."

यानंतर लेक आईशी बोलली नाही. "बाबा, आईला सांग, दूध उतू जातंय," असं ती दूध उतू जात असताना बाबांना सांगे, आणि बाबा ते सांगेपर्यंत दूध गेलेलं असे. साहित्य घेणार, एवढं तिने जाहीर केलं. "तिथे लिहावं लागत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेल्याला नावं ठेवायची."

बाईंना फार वाईट वाटलं. पण शास्त्रीय सत्याला धरून सांगायचं, तर त्या वाईट वाटण्यात भेसळ होती. बातमी जिन्यात गेली होती. डॉक्टरीणबाई त्यांना "काय लेखिकाबाई" म्हणू लागल्या होत्या. हेडसरांनी त्यांना अभिप्रायासाठी स्वतःच्या तरुणपणच्या कविता आणून दिल्या होत्या. आणि बुधवारी कामावरून येताना बाई एका दुकानाच्या काचेपाशी थांबून शाईची पेनं बघत होत्या, हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. जन्मभर निकालांखाली सही करण्यापलीकडे त्यांनी पेन चालवलं नव्हतं. लेकीच्या जागेवर आपण बसलोय आणि ती जागा मऊ लागतेय, या विचाराने त्या काचेपासून दूर झाल्या आणि दुसऱ्या दिवशी थेट विभागाच्या खिडकीवर गेल्या.

"निवडीबद्दल तक्रार आहे," त्या म्हणाल्या.

"निवड झाली नाही?"

"झाली."

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. "बाई, निवड झाली नाही अशी तक्रार असते. झाली अशी तक्रार नसते. तुम्ही आत जा."

आत प्राध्यापिकांच्या खोलीत बसायच्या खुर्चीवर पुस्तकं होती. बाई उभ्याउभ्याच बोलल्या. पान आपण लिहिलं, मुलीचा दोष नाही, आपण रसायनतज्ज्ञ आहोत, असं सगळं त्यांनी क्रमाने सांगितलं. प्राध्यापिकांनी चष्मा काढला.

"तुम्हाला त्यात काय म्हणायचं होतं?"

"काहीच नाही."

"ते दिसतंच. शीर्षकही तेच सांगतं. पण इतकं काहीच न म्हणायला किती काळ लागला?"

"तास दीड तास. आधी नळावर ऊन पडलेलं होतं. ते मी काढलं."

"ऊन काढलंत," प्राध्यापिका हळूच म्हणाल्या, आणि उठून त्यांनी खुर्चीवरची पुस्तकं जमिनीवर ठेवली. बाई बसल्या. "यंदा आणखी दोघांनी मागे नुसता कोरा कागद जोडला होता. तुम्हाला काही कल्पना आहे का?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "त्यांचं काय केलंत?"

"एकाला घेतलं. दुसऱ्याचा कागद मला प्रामाणिक वाटला नाही." प्राध्यापिकांनी बाटलीचं पान समोर घेतलं. "हे तुम्हाला इंग्रजीतच सुचलं?"

"छे. माझं इंग्रजी अहवालापुरतं. मी मराठीत लिहिलं, इंग्रजी मुलीने केलं."

प्राध्यापिकांचा हात थांबला. "मूळ पान आहे?"

मूळ प्रत जवळ नाही असं बाईंच्या बाबतीत कसं होणार? त्यांनी पर्समधून काढून दिली. प्राध्यापिकांनी ती वाचली. मग मागे काही आहे का म्हणून उलटून पाहिली. मागे काही नव्हतं.

"स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या.

कुणाच्या बाळाला पाहून "वजन चांगलं आहे" म्हणावं, तसा तो स्वर होता. बाई दोन दिवस लेखिका होत्या. ते लेखिकापण त्या एका शब्दात संपलं, आणि प्यायला पाणी आवारातल्या दुकानात मिळतं का, असा विचार त्यांच्या मनात आला.

"नियमाने नमुना स्वतःचा लागतो, आणि गोष्ट तरी तिची आहे," प्राध्यापिका म्हणाल्या. "जागा घ्यायची की सोडायची, ते तुमच्या मुलीला उद्या दुपारपर्यंत ठरवायला सांगा. नाहीतर जागा पुढच्याला जाईल."

बाई बाहेर पडल्या. दुखावलेल्या माणसाने चालताना विचार करू नये, पण सवयीने डोकं चालू राहिलं. ब्लँकमध्ये काहीतरी निघालं. ठीक. प्रयोगशाळेत ब्लँकमध्ये काही निघालं तर आपण काय शोधतो? पाण्यात काही नव्हतं, हे आत्ताच सिद्ध झालं, जरा जास्तच सिद्ध झालं. मग ते आलं कुठून? एकदा एका नव्या मदतनीस मुलीच्या हाताला सुवासिक क्रीम होतं आणि आठवडाभर प्रत्येक ब्लँक काहीतरी दाखवत होता. बाटली धुतली, पाणी बदललं, शेवटी हात पाहिले.

बाई भर रस्त्यात थांबल्या. मागून येणारी सायकल कशीबशी वळली आणि सायकलवाला काहीतरी बोलून गेला. ते बाईंनी ऐकलं नाही.

पण बाई एका विचारावर विश्वास ठेवणाऱ्यांपैकी नव्हत्या. घरी आल्या आल्या त्यांनी हेडसरांना आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेतलं. यजमानांना सोफ्यावरून हलू दिलं नाही. लेक आपल्या खोलीच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

"एक पान वाचायचं," बाई म्हणाल्या. "मराठी आहे. खरं काय ते सांगायचं. मला वाईट वाटेल म्हणून कुणी छान म्हणालं, तर मला जास्त वाईट वाटेल."

हेडसरांनी पान घेतलं. नळ उघडेपर्यंत त्यांनी वाचलं. मग चष्मा नाकावरून घसरला, हनुवटी छातीवर टेकली आणि थोड्याच वेळात एक शांत घोरणं ऐकू येऊ लागलं.

"शून्य," बाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवर रंग चढला.

डॉक्टरीणबाईंनी हेडसरांच्या हातातून पान सोडवून घेतलं आणि एका दमात वाचलं. "टाकीजवळ लावायची आहे का ही सूचना? माझ्याकडे खिळा आहे."

"शून्य. अहो, तुम्ही."

यजमानांनी पानाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या संसाराने शिकवलेलं सगळं शहाणपण त्यांनी क्षणभर बाजूला ठेवलं. "मला वाटतं," ते सावधपणे म्हणाले, "हे तू आधी कधीतरी सांगितलं होतंस. जेवताना."

"शून्य," बाई म्हणाल्या, आणि इतक्या आनंदाने म्हणाल्या, की हेडसर दचकून जागे झाले.

"बाबा, आईला विचार, काय चाललंय," लेक दारातून म्हणाली.

"मीच सांगते." बाई तिच्याकडे वळल्या. "माझ्या पानात काही नाही. तपासून झालं. हेच पान तू इंग्रजीत केलंस, तेव्हा यांच्या पेशंटचं तोंड उघडं राहिलं, सर पुढे काय झालं विचारायला जिना उतरले आणि प्राध्यापिकांनी यादीत पहिला नंबर दिला. ब्लँकमध्ये जे सापडतं ना, ते पाण्यातलं नसतं. ते हाताळणाऱ्याच्या हाताचं असतं."

लेकीने हाताची घडी सोडली.

"दहा मिनिटांचं काम होतं ते," बाई म्हणाल्या. "तुला सबंध संध्याकाळ लागली. काय करत होतीस?"

"तुझं ते 'थोडा वेळ थांबावे'," लेक हळूहळू म्हणाली. आता ती आईशी बोलत होती, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही. "ते येईचना. शब्द होते, पण ते नुसते थांबणाऱ्या माणसाचे होते. मग तू नळापाशी कशी थांबतेस ते आठवलं. बोट धारेत धरून. पाणी गार लागेपर्यंत. मग ते वाक्य आलं, आणि त्याच्यामुळे मागची सगळी बदलावी लागली. तुझं काही बदललं नाही हां मी. एक शब्द जास्त नाही घातला."

"मला माहीत आहे. जास्त घातला असतास तर मी पकडला असता."

"या वर्षातली सगळ्यात चांगली संध्याकाळ होती ती," लेक म्हणाली, जणू हे तिलाच नवीन होतं. मग म्हणाली, "गोष्ट वाईट आहे ना माझी?"

बाईंना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी शब्द शोधला. "वाईट नाही. गढूळ आहे. हलवू नकोस, थोडे दिवस ठेव. खाली बसेल."

डॉक्टरीणबाईंनी हेडसरांना कोपराने ढोसलं, पण त्यांनाही वेळेवर उपदेश सुचला नाही. बाईंच्या ओठांवर एक प्रश्न आला होता. तो इतका मोठा होता, की यजमानांनाही दिसला.

"विचार ना," लेक म्हणाली.

"ठरलंय. निकाल लागला की विचारायचं नाही."

"मग मीच सांगते. मी अनुवाद घेते."

यजमानांनी घसा साफ केला. "त्यात पुढे नोकरीच्या दृष्टीने..."

"अहो," बाई म्हणाल्या. यजमानांनी पेपर वर घेतला. तो उलटा होता.

शुक्रवारी सकाळी मायलेकी दोघी खिडकीवर गेल्या. कारकुनांनी अर्ज दोनदा वाचला.

"सर्जनशील लेखनातून अनुवादात? पहिला नंबर सोडून? अहो, तिथून इकडे यायला लोक रडतात."

"आमचं रडून झालंय," लेक म्हणाली.

"ठीक आहे." त्यांनी शिक्का उचलला, आणि मध्येच थांबले. त्यांच्या डोक्यावर भिंतीला नवी सूचना डकवलेली होती, टंकलेली, खाली सहीसकट. "ब्लँक कुठाय?"

बाईंनी पर्स उघडली.

त्या संध्याकाळी लेकीने जेवणाच्या टेबलावर कोरे कागद आणून ठेवले. वर्गात आता पाच जण होते, आणि पहिल्या आठवड्याला प्रत्येकाने अनुवादाला एक पान आणायचं होतं.

"दुसरं एखादं लिही ना, आई. बाटल्या कशा धुवायच्या ते."

"अगं, त्यात काहीच नाही."

"तेच हवंय."

बाई बसल्या. यजमानांनी खिशातून एक शाईचं पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि काही न बोलता निघून गेले. दुकानाच्या काचेपाशी बायको उभी असलेली त्यांनी रस्त्यापलीकडून पाहिली होती, आणि ही एक गोष्ट त्यांनी जिन्यात सांगितली नव्हती.

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. पहिलं वाक्य लिहिलं: बाटली प्रथम साध्या पाण्याने विसळावी. दुसरं वाक्य लिहिताना काचेतून पलीकडची खिडकी वाकडी दिसते, असं काहीतरी सुचलं, आणि ते लिहूनही झालं. बाईंनी ते परत वाचलं. चांगलं होतं. चांगलं होतं याबद्दल शंकाच नव्हती.

लेकीच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत ती पेन चावत वाट बघत होती.

बाईंनी ते वाक्य खोडलं, कागद फाडला आणि नवीन कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सुरुवात केली.